कॅम्पर व्हॅनचं कूलंट जातं कुठं? गळती शोधण्यापासून टाकी बदलण्यापर्यंत

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढत होतो. कॅम्परच्या टेंपरेचरचा काटा निम्म्याच्या वर सरकला, म्हणून मी हीटर पूर्ण गरमवर लावला. इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेनं बाहेर पडते. चार-पाच वळणं गेली आणि काटा एकदम खाली, थंडच्या खुणेवर येऊन पडला. बायको म्हणाली, "उतरला बघा, बरं झालं." मी मात्र जागा बघून गाडी कडेला घेतली आणि लगेच बंद केली, कारण त्याच क्षणी हीटरच्या जाळीतून येणारी हवाही गार झाली होती.

काटा अचानक खाली आणि हीटरची हवा गार, या दोन गोष्टी एकत्र घडल्या तर इंजिन थंड झालं असं समजू नका. टेंपरेचरचा सेन्सर कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, बुडालेला असतो. कूलंटच उरलं नाही तर तो मोजणार काय? हीटरमध्येही फिरायला काही उरत नाही. अशा वेळी आणखी दोन किलोमीटर गाडी रेटली तर इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचा भाग) वाकतं, आणि टाकीचं काम हेड उतरवण्यावर जातं.

बोनेट उघडलं तेव्हा कूलंटच्या टाकीला जोडावर बोटभर चीर पडलेली आणि आजूबाजूला सगळं हिरवट पाणी. पण ती चीर त्या दिवशी पडलेली नव्हती. आधीचे तीन महिने मी दर फेरीला पाव-अर्धा लिटर कूलंट वरून टाकत आलो होतो. हा लेख त्या तीन महिन्यांसाठी आहे. कूलंट डिझेलसारखं खर्च होत नाही. उघड्या बाटलीच्या गाडीत वर्षभरात थोडंसं उडून जातं, तेवढंच. दर महिन्याला पातळी उतरत असेल तर ते बाहेर कुठं तरी गळतंय किंवा इंजिनाच्या आत जातंय. तिसरी वाट नाही.

आधी तुमच्या गाडीत बाटली आहे की टाकी, ते बघा

आपण दोन्हीला सरसकट "कूलंटची बाटली" म्हणतो, पण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. काही गाड्यांत रेडिएटरला स्वतःचं धातूचं झाकण असतं आणि तिथून एक बारीक नळी शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत जाते. या बाटलीत दाब नसतो. कूलंट तापून फुगलं की जास्तीचं तिच्यात येतं आणि गार झालं की परत ओढलं जातं. ही बाटली चिरली तर नुकसान होतं, पण धोका लगेच उभा राहत नाही.

दुसऱ्या प्रकारात रेडिएटरला झाकणच नसतं. आट्यांचं मोठं झाकण थेट प्लॅस्टिकच्या टाकीवर असतं, टाकीच्या खालच्या अंगाला जाड होस आणि वरच्या अंगाला एक-दोन बारीक नळ्या लागलेल्या असतात. ही टाकी पूर्ण दाबाखाली काम करते. अलीकडच्या बहुतेक डिझेल व्हॅनमध्ये हीच असते, आणि खाली मी मुख्यतः तिच्याबद्दलच लिहितो आहे.

दाब कशाला हवा? निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल यांचं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. त्यावर सुमारे १ बार दाब ठेवला तर तेच मिश्रण १२९-१३० अंशांपर्यंत उकळत नाही. हा दाब धरून ठेवण्याचं काम झाकणाचं. झाकणावर १.१ बार, ११० किलोपास्कल किंवा १६ पीएसआय असं काही तरी छापलेलं असतं, तिन्हींचा अर्थ जवळपास एकच. झाकण सैल झालं की हा सगळा फायदा जातो.

लडाखला गाडी नेणाऱ्यांनी हे जास्त लक्षात घ्यावं. महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटरवर, उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांना उकळतं. लेहला ३५०० मीटरवर ते ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, उघडतो तोच बहुधा ८२ ते ८८ अंशांना. म्हणजे झाकण गेलेल्या गाडीत नुसतं पाणी भरून तिथं चढलात तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी उकळायला आलेलं असेल.

रस्त्यात गाडी तापली तर

काटा वर चढतोय पण हीटरमधून गरम हवा येतेय, म्हणजे कूलंट अजून फिरतंय. एसी बंद, हीटर पूर्ण गरम, गाडी सपाट जागी कडेला. दोन-तीन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवून काटा उतरतो का बघा. उतरत नसेल, वाफ दिसत असेल किंवा माझ्यासारखा काटा अचानक पडला असेल, तर इंजिन तत्काळ बंद करा.

मग थांबायचं. झाकणाला हात लावायचा नाही. इंजिनाकडून रेडिएटरकडे येणारा वरचा जाड होस बाहेरून चेपून बघा. तो दगडासारखा असेल तर आत दाब आहे. तो मऊ पडायला आणि टाकी हाताला सोसायला पाऊण तास ते तास लागतो. घाटात हा तास फार लांब वाटतो, पण शंभराच्या वर तापलेलं द्रव झाकण सैल होताच उसळून बाहेर येतं आणि ते चेहऱ्यावर आणि हातावरच येतं. इंजिन गार झाल्यावरही झाकणावर जाड फडकं ठेवा, पाव आटा फिरवा, फुस्स आवाज थांबेपर्यंत वाट बघा, मगच पूर्ण काढा.

गरम इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. इथं कॅम्परवाल्याचा एक फायदा असतो. गाडीत पिण्या-धुण्याचं स्वच्छ पाणी भरलेलंच असतं. आमच्याकडे त्या दिवशी साठ लिटरच्या टाकीत निम्म्याहून जास्त पाणी होतं. तासाभरानं ते भरलं, झाकण मुद्दाम सैल ठेवलं आणि गाडी उलटी फिरवून पोफळीच्या बाजूला उतरवली. झाकण सैल ठेवलं की दाब धरत नाही आणि चिरेतून गळणं कमी होतं. मात्र उकळण्याचा बिंदूही खाली येतो, म्हणून हे चढावर करण्यासारखं नाही. उतारावर इंजिनावर भार नसतो, तिथं ते चालून गेलं. दर तीन-चार किलोमीटरला थांबून पातळी बघत चिपळूण गाठलं.

होस फुटला असेल तर स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप ताणून गुंडाळता येते. होस कोरडा असेल तरच ती धरते. प्लॅस्टिकच्या टाकीवर टेप, इपॉक्सी लांबी किंवा गोंद लावून वेळ घालवू नका. टाकीच्या बुडाशी बहुधा "पीपी" अशी अक्षरं उठवलेली असतात, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या प्लॅस्टिकवर गोंद बसतच नाही. लांबी वाळते, घट्ट वाटते आणि दाब आला की पापुद्र्यासारखी निघून येते.

हायवेवरच्या गॅरेजात अजून रेडिएटरमध्ये हळद टाकतात. बारीक कण छिद्राशी जाऊन अडकतात आणि थेंब थांबतो, हे खरं आहे. पण तेच कण हीटरच्या आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही अडकतात. बाजारात मिळणाऱ्या गळती थांबवणाऱ्या पावडरींचीही गत हीच. गावाबाहेर अडकलात आणि दुसरा इलाजच नसेल तर वापरा, पण घरी पोचल्यावर पूर्ण सिस्टम धुऊन घ्या.

गळती शोधणं: इथं वेळ द्या

टाकी बदलण्याआधी टाकीच गळतेय याची खात्री हवी. टाकी नवी, गळती तीच, असं पुष्कळांचं होतं.

गाडी रात्रभर उभी असताना खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरा, पुढपासून मागपर्यंत. कॅम्परमध्ये खाली पडणारं पाणी कुठलंही असू शकतं. एसीचं, सिंकचं, पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं. पांढऱ्या टिश्यूवर थेंब टिपून बघा. एसीच्या पाण्याला रंग नसतो, वास नसतो. कूलंटला हिरवी, गुलाबी किंवा नारिंगी झाक असते, बोटांत चोळलं तर ते बुळबुळीत लागतं आणि गोडसर वास येतो. वासानं भागतं, चव घेऊ नका, ते विष आहे.

वाळलेल्या कूलंटची खूण आणखी बोलकी. होसच्या टोकाशी, क्लिपखाली, वॉटर पंपाच्या बुडाशी पांढरट किंवा हिरवट खवल्यांची पपडी धरलेली दिसते. टॉर्च घेऊन सावकाश फिरा. रेडिएटरच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथं दुमडून बसवलेल्या असतात तो जोड बघा. वॉटर पंपाला खालच्या बाजूला एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून ओघळ दिसला तर पंपाचं सील संपलं आहे. भोक बुजवायचं नाही, पंप बदलायचा.

कॅम्परमधली जी जागा साध्या गॅरेजवाल्याच्या लक्षात येत नाही ती मागची. मागच्या प्रवाशांसाठी हीटर असलेल्या व्हॅनवर कॅम्पर बांधला असेल तर कूलंटच्या दोन नळ्या फरशीखालून थेट मागे गेलेल्या असतात. बांधणाऱ्यांनी त्यांवर पलंग, कपाटं, पाण्याची टाकी ठोकलेली असते. काही कॅम्परमध्ये अंघोळीचं पाणी इंजिनाच्या उष्णतेवर तापवण्याची सोय असते, तीही याच वाटेवर. या नळ्यांचे जोड लाकडी खोक्यात दडलेले असतात आणि गळलेलं कूलंट गालिच्याखाली मुरतं. पलंगाखालचा प्लायवूड फुगलेला, चिकट लागतोय का, हात घालून बघा. पुढच्या सीटसमोरचा गालिचाही दाबून बघा. काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल आणि गोड वास येत असेल तर डॅशबोर्डमागचा हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) पाझरतोय.

गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल तर उंदरांनी होस कुरतडले आहेत का तेही पाहा. सलग चालणाऱ्या गाडीपेक्षा उभ्या कॅम्परमध्ये हा त्रास जास्त.

डोळ्यांना काहीच दिसलं नाही तर प्रेशर टेस्टर. हाताचा छोटा पंप, त्यावर घड्याळ, आणि टाकीच्या तोंडावर झाकणाऐवजी बसणारा अडॅप्टर. इंजिन पूर्ण गार असताना पातळी भरा, टेस्टर लावा आणि झाकणावर छापलेल्या दाबापर्यंतच पंप करा. १.१ लिहिलं असेल तर १.१ बार, त्यापुढे नाही. पंधरा मिनिटं काटा हलता कामा नये. काटा उतरतोय आणि बाहेर थेंब दिसतोय तर जागा सापडली. काटा उतरतोय पण बाहेर सगळं कोरडं, तर मागच्या नळ्या, हीटर कोअर किंवा इंजिनाचा आतला भाग. चांगल्या टेस्टरसोबत झाकण तपासायचा अडॅप्टरही येतो. फिटरला झाकणही तपासायला सांगा.

काही गळत्या इंजिन गार असतानाच होतात. रबर आणि धातू आकसतात, सैल क्लिपमधून पहाटे चार थेंब पडतात, गाडी तापली की बंद. काही उलट, चीर फक्त तापल्यावर उघडते. म्हणून गार आणि गरम, दोन्ही अवस्थांत बघायचं. त्यातूनही सापडत नसेल तर कूलंटमध्ये अल्ट्राव्हायोलेट रंग टाकून दोन दिवस गाडी चालवतात आणि अंधारात त्या दिव्यानं बघतात. गळतीची रेघ पोपटी चमकते.

टाकीची स्वतःची परीक्षा सोपी आहे. टाकी रिकामी करून अंधारात आत मोबाइलचा टॉर्च धरा. बाहेरून नजरेला न येणारी चीर केसासारखी उजळून दिसते. बहुतेक वेळा ती वरचा आणि खालचा भाग जोडलेल्या शिवणीवर किंवा नळीच्या नोझलच्या मुळाशी असते. प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी झालं असेल, शिवणीजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील, तर आज गळत नसली तरी बदला.

टाकी फुटली की फोडली गेली?

चिपळूणच्या गॅरेजमधल्या वयस्कर फिटरनं माझी टाकी हातात फिरवून पाहिली आणि विचारलं, "दादा, झाकण किती वर्षांचं?" गाडीबरोबर आलेलंच होतं. ते म्हणाले, "टाकी घाला, पण हे झाकण परत लावलंत तर परत माझ्याकडेच याल."

झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. एक ठरलेल्या दाबाच्या वर गेलं की वाफ सोडतो. दुसरा इंजिन गार होताना बाहेरची हवा आत घेतो. पहिला अडकला तर दाब वाढत जातो आणि सगळ्यात कमकुवत जागा, म्हणजे बहुधा टाकीची शिवण, उघडते. दुसरा अडकला तर सकाळी वरचा होस चपटा झालेला दिसतो. टाकी बदलताना झाकण बदलायचंच, आणि त्याच आकड्याचं घ्यायचं. जास्त दाबाचं झाकण लावलं तर गाडी कमी तापेल हा समज चुकीचा आहे. त्यानं पुढचा होस किंवा रेडिएटर जाईल.

दुसरी शक्यता हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलची. सिलिंडरमधला ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरला तर टाकीवर दाब येतच राहतो. गार इंजिन चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांतच होस कडक होत असेल, टाकीत सतत बुडबुडे येत असतील, एक्झॉस्टमधून गोड वासाचा पांढरा धूर येत असेल किंवा ऑइलची पट्टी दुधाळ निघत असेल, तर टाकीचा खर्च करण्याआधी ब्लॉक टेस्ट करून घ्या. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावतात. टाकीतल्या हवेत ज्वलनवायू असेल तर निळा रंग बदलून पिवळा किंवा हिरवट होतो. नवी टाकी काही आठवड्यांतच पुन्हा चिरली तर झाकण आणि हेड गॅस्केट तपासल्याशिवाय तिसरी टाकी घेऊ नका.

टाकी घेताना

जुनी टाकी सोबत घेऊन दुकानात जा. फोटो पुरत नाही. नोझल किती, कुठल्या दिशेला, प्रत्येकाची जाडी, लेव्हल सेन्सरचं भोक आहे का, झाकणाच्या आट्या बसतात का, बोल्टचे कान जुळतात का, हे काउंटरवरच ताडून बघा. नोझलच्या तोंडाशी साच्यातून राहिलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो ब्लेडनं काढा आणि टाकी आतून विसळून घ्या. स्थानिक बनावटीची टाकी स्वस्त मिळते. शिवण जाड आणि एकसारखी असेल तर माझी हरकत नाही, पण घाटात आणि दूर जाणाऱ्या गाडीला कंपनीची टाकी घालावी असं माझं स्पष्ट मत आहे.

कूलंटच्या रंगावर जाऊ नका. हिरवं म्हणजे अमुक आणि गुलाबी म्हणजे तमुक असा कुठलाही पक्का नियम नाही, प्रत्येक कंपनी आपापला रंग घालते. गाडीच्या पुस्तकात जे स्पेसिफिकेशन दिलं आहे तेच डब्यावर आहे का बघा. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं आणि नवं ऑरगॅनिक ॲसिडवालं एकत्र झालं तर गाळ धरू शकतो. आत आधी काय होतं ते माहीत नसेल तर पूर्ण काढून, पाण्यानं धुऊन नवं भरा. डबा तयार मिश्रणाचा आहे की कॉन्सन्ट्रेट, तेही वाचा. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड किंवा डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) मिसळायचं. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. नुसतं कॉन्सन्ट्रेटही नको. निम्म्या-निम्म्याचं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, शुद्ध ग्लायकॉल त्याच्या कितीतरी आधी गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं.

अमेरिका-कॅनडात मोटरहोम बाळगणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. हिवाळ्याआधी पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत भरण्यासाठी तिथं "आरव्ही अँटीफ्रीझ" नावाचं गुलाबी द्रव मिळतं. ते इंजिनात घालायचं नाही. आणि इंजिनाचं कूलंट पाण्याच्या नळ्यांत तर कधीच नाही.

बदलण्याचं काम

पाने, साधी आणि लांब नाकाची पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पसरट घमेलं, मास्किंग टेप, मोठी सिरिंज किंवा हातपंप, फनेल, नव्या क्लिपा, हातमोजे. गाडी रात्रभर गार झालेली असावी. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण इलेक्ट्रिक फॅन चावी काढलेली असतानाही फिरू शकतो.

खालून रेडिएटरचा प्लग खोलण्याची गरज नाही. झाकण काढून सिरिंजनं टाकीतलं कूलंट बाहेर काढा. नळी तोंडात धरून ओढू नका. मग प्रत्येक होसवर टेपचा तुकडा लावून १, २, ३ लिहा आणि फोटो काढा. वरच्या दोन बारीक नळ्यांची अदलाबदल सहज होते.

आधी वरच्या बारीक नळ्या. स्प्रिंगच्या क्लिपेचे कान पकडीनं दाबून ती मागे सरकवा. होस सरळ ओढू नका, आधी गोल फिरवून सुटा करा. वर्षानुवर्षं बसलेला होस प्लॅस्टिकला चिकटलेला असतो, आणि ओढाओढीत रेडिएटरचं नोझल तुटलं तर काम दहापट वाढतं. होस बदलणारच असाल तर कटरनं लांबीत चिरा आणि सोलून काढा. सुटलेली टोकं तारेनं वर बांधून ठेवा, म्हणजे इंजिनातलं कूलंट त्यातून सांडत नाही. सेन्सरच्या प्लगची कडी दाबून तो सोडवा, वायर धरून ओढू नका. नंतर बोल्ट काढून टाकी थोडी उचला, खाली घमेलं धरा आणि शेवटी तळाचा जाड होस काढा. त्यातून लिटरभर तरी येईलच. त्या होसचं तोंड लगेच स्वच्छ फडक्यानं बंद करा.

कॅम्परमध्ये जागा अपुरी असते. ज्या व्हॅनचं निम्मं इंजिन पुढच्या सीटांच्या मध्ये असतं तिथं जाड होसची क्लिप आतलं कव्हर उघडूनच हाती लागते. टाकी आधी बोल्टनं कसली तर मागच्या क्लिपेपर्यंत हात पोचत नाही, म्हणून बसवताना होस आधी, बोल्ट नंतर. होसच्या तोंडाला आतून थोडं कूलंट लावा, तो सहज सरकतो. ग्रीस किंवा ऑइल लावू नका, त्यानं हे रबर फुगून मऊ पडतं. नोझलच्या टोकाशी एक उंचवटा असतो. होस त्याच्या पार पुढे गेला पाहिजे आणि क्लिप उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. उंचवट्यावरच क्लिप कसली तर ती महिनाभरात सरकते. स्क्रूची क्लिप लावत असाल तर स्क्रूचं डोकं हात पोचेल अशा बाजूला ठेवा. बोल्ट छोट्या पान्यानं मनगटाच्याच जोरावर कसा, प्लॅस्टिकचे कान पटकन चिरतात. टाकीच्या खालचे रबरी बुश जुन्यावरून काढून नव्यावर लावायला विसरू नका. ते नसले की टाकी थरथरते आणि नवी शिवण वर्षभरात उघडते.

शेवटी बघा, कुठला होस पत्र्याच्या कडेला घासतोय का. घासत असेल तर जुन्या होसचा तुकडा उभा चिरून त्यावर चढवा.

हवा काढणं

टाकी अर्ध्या-पाऊण तासात बसते. हवा काढायलाही तेवढाच वेळ द्या. घाईघाईत भरलेल्या गाडीत इंजिनाच्या वरच्या भागात हवेचा बुडबुडा अडकतो आणि सगळं नवं असून गाडी तापते.

गाडीचं तोंड चढाला करून उभी करा, टाकी जितकी उंच तितकं चांगलं. हीटर पूर्ण गरमवर, मागचा हीटर असेल तर तोही. कूलंट बारीक धारेनं भरा. बुडबुडे येत राहतात तोवर थांबून थांबून ओता आणि वरचा होस हातानं चेपत राहा. थर्मोस्टॅटजवळ किंवा मागच्या हीटरच्या नळीवर हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि अखंड धार आली की बंद करा. बॅटरी जोडा, झाकण न लावता इंजिन चालू करा, पातळी उतरेल तशी भरत जा. अशा वेळी टाकीवर वाकून बघू नका, एखादा मोठा बुडबुडा फुटला तर कूलंट उडतं. वरचा होस एकदम गरम लागला की थर्मोस्टॅट उघडला. मग पातळी वरच्या खुणेच्या खाली ठेवून झाकण लावा आणि फॅन दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा.

हीटरची हवा एकसारखी गरम आणि डॅशबोर्डमागची गुळगुळ बंद, म्हणजे हवा निघाली. इंजिनाचा वेग वाढवल्यावर गरम आणि आयडलला गार हवा येत असेल तर अजून अडकली आहे. माझ्या गाडीत पुढचं सगळं ठीक होऊन मागच्या हीटरची नळी गारच राहिली होती. पलंगाची फळी काढून तिथला स्क्रू सोडला तेव्हा कुठं हवा निघाली, आणि टाकीत आणखी दीड लिटर कूलंट गेलं.

दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी पातळी बघा. पहिल्या सकाळी थोडी उतरलेली असते, ती भरा. त्यानंतर टाकीवर पर्मनंट मार्करनं रेघ मारून तारीख लिहा. पहिले पाचशे किलोमीटर रोज सकाळी त्या रेघेशी पातळी ताडायची. रेघ जिथली तिथं राहिली तर काम झालं. बोटभर उतरली तर पुन्हा भरून गप्प बसू नका, प्रेशर टेस्टर लावा.

काढलेलं कूलंट घमेल्यात उघडं सोडून आत जेवायला जाऊ नका. ते गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. लगेच झाकणाच्या कॅनमध्ये ओता, कॅनवर मोठ्या अक्षरात "विष" लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि जुनं ऑइल-कूलंट रीतसर गोळा करणाऱ्या वर्कशॉपला द्या. गटारात किंवा झाडाच्या बुडाशी ओतू नका. सांडलेल्या जागेवर माती टाकून ती उचला आणि फरशी भरपूर पाण्यानं धुऊन काढा.